सावकाश होऊ द्या

‘रत्नप्रभा’ बोट माझ्या जन्माआधी बुडाली, पण तिच्यावरची पंगत अजून उठलेली नाही. निळसईच्या किनाऱ्यावर ही गोष्ट शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. बोट खडकावर आपटली तेव्हा खालच्या डेकवर जेवणं चालली होती. ती व्हायच्या आत बोट तळाला गेली, आणि पंगतीतून मध्येच उठायचं नाही म्हणून ती माणसं अजून बसलेली आहेत.

हे आम्हाला रेश्मा खोबरेकरने सांगितलं. रेश्मा म्हणजे आम्हाला समुद्राखाली फिरवून आणणारी मुलगी. होडी तिची, सिलिंडर तिचे आणि दिवसभर कपाळावर चढवलेला काळा चष्माही तिचाच. तो तिच्या डोळ्यांवर मी कधी पाहिला नाही. पोवळ्यांना हात लावायचा नाही, कासवाच्या मागे लागायचं नाही, श्वास कोंडून धरायचा नाही, हे ती रोज सांगायची. बोटीकडे जायच्या आदल्या संध्याकाळी त्याच सुरात तिने पुढचंही सांगितलं.

“उद्या बोट बगूक जावया. थंय पंगत असता. लांबसून बगूची, नमस्कार करूचो आनि वर येवचा. कोणी बस म्हटल्यान तरी बसाचा नाय.”

“आणि बसलं तर?” मुकुंदने विचारलं.

“बसलात तर मगे पंगतीचो मान इलो. सगळ्यांचा होयसर उठाक गावाचा नाय.”

सगळ्यांचं होईपर्यंत उठायला मिळणार नाही, हे ऐकून मुकुंद हसला. मी हसले नाही, कारण मुकुंद कसा जेवतो ते मला माहीत आहे.

मुकुंद माझा नवरा. साताऱ्याच्या शाळेत चित्रकला शिकवून नुकताच निवृत्त झालेला. माणूस गुणाचा, पण जेवायला बसला की घरातली घड्याळं बंद पडतात. प्रत्येक घास बत्तीस वेळा चावायचा, असं त्याला लहानपणी कोणीतरी सांगितलं आणि त्याने ते वेदवाक्य मानलं. आधी तो भाताचं आळं करणार, आळ्यात वरण, वरणावर तूप, आणि मग त्या तुपाकडे घटकाभर बघत बसणार. आमच्या लग्नात वाढपी ताटकळून गेले, तेव्हा माझ्या मामांनी विचारलं होतं, “जावई जेवतायत की जेवणाचं चित्र काढतायत?”

माझं अगदी उलट. मी वाघ मागे लागल्यासारखी जेवते. पण माझं झालं म्हणून मी कधी उठले नाही. उष्टा हात तसाच ठेवून त्याचं होईपर्यंत समोर बसायचं, ही रीत मीच पाडली. हात वाळायचा, बोटांवरचं वरण तडकायचं, आणि तेवढ्या वेळात आमचा संसार व्हायचा. मुलीचं नाव काय ठेवायचं, सासूबाईंना कोणत्या दवाखान्यात न्यायचं, मी नोकरी सोडायची की नाही, सगळं आम्ही माझ्या वाळलेल्या हाताशी बसून ठरवलं. भांडणंही तिथेच केली. लोक नवराबायकोचं प्रेम कशात मोजतात कोण जाणे. मी ते हात वाळण्यात मोजते.

ही सहल आमच्या मुलीने, केतकीने काढून दिली होती. “जन्मभर ताटासमोर बसलात, आता जरा समुद्र बघा,” असं म्हणाली. साताऱ्याच्या पोहण्याच्या तलावात आम्ही श्वासाची नळी तोंडात धरायला शिकलो. मुकुंदला ते माझ्याआधी जमलं. त्याचा श्वासही त्याच्या जेवणासारखाच संथ, त्यामुळे आमचा शिकवणारा म्हणायचा की काका एका सिलिंडरमध्ये दोनदा जाऊन येतील.

पहिले दिवस मजेत गेले. पोपट मासे पोवळं कुरतडतात त्याचा आवाज पाण्यात ऐकू येतो, हे मला तिथे कळलं. एक पाकट वाळूतून उठलं आणि वाळू झाडून निघून गेलं. एक म्हातारं कासव मुकुंदच्या बाजूने पोहत राहिलं, कारण त्या दोघांचा वेग सारखा होता. मी पुढे जाऊन त्या दोघांची वाट बघायचे. संध्याकाळी खानावळीत मी तळलेला बांगडा खाऊन मोकळी व्हायचे आणि मुकुंद आपल्या वरणभाताशी बसलेला असायचा. खानावळवाला आमच्या भोवतीच्या खुर्च्या उलट्या करून टेबलांवर ठेवायचा. इतकी सुखी मी कित्येक वर्षांत नव्हते.

बोटीपाशी आम्ही सकाळी उतरलो. पाणी स्वच्छ होतं. ‘रत्नप्रभा’ तळावर सरळ बसलेली आहे, धक्क्याला लागून माणसं चढायची वाट बघत असावी तशी. धुरांड्यावर जांभळी पोवळी, कठड्याला शिंपले, खिडक्यांतून पिवळ्या माशांची ये-जा. मुकुंद मला एकेक गोष्ट बोटाने दाखवत होता. सुकाणूच्या चाकावर लाल तारामासा चिकटला होता. दोरांच्या वेटोळ्यात एक शेवंड मिशा बाहेर काढून बसली होती. रेश्मा आम्हाला जिन्याने खालच्या डेकच्या दारापर्यंत घेऊन गेली, तिथे तिने चौकट धरली आणि ती थांबली. आत बोट दाखवलं, हात जोडून दाखवले आणि मग अंगठा वर केला. बघा, नमस्कार करा, वर चला.

आत पाणीच होतं, पण निराळं. बाहेरच्या पाण्यात बोलणं ऐकू येत नाही, आतल्या पाण्यात येत होतं. तुपाचा वासही येत होता. नाक मास्कमध्ये बंद असताना वास कसा आला हे मी स्वतःला विचारलं नाही, कारण तूप साजूक होतं.

डेकच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत समोरासमोर दोन ओळी होत्या. पाट, केळीची पानं, पानांभोवती रांगोळी. रांगोळी विरघळलेली नव्हती. माणसं मांडी घालून आपापल्या पानासमोर बसली होती, आणि सगळ्यांची पानं चाटूनपुसून स्वच्छ होती. उजवे हात पानांच्या कडेला टेकलेले होते. ते हात कोरडे होते. डोक्यावर एवढा समुद्र असताना त्यांच्या बोटांवर भात वाळून पांढरा झाला होता. बाकीच्यांच्या नजरेतून हे सुटलं असतं, माझ्या नजरेतून हात सुटत नाही.

फक्त पलीकडच्या टोकाला एक म्हातारेबुवा दहीभाताचा शेवटचा घास चावत होते. सगळी पंगत त्यांच्याकडे बघत होती. बुवांनी घास गिळला, तोंडावरून हात फिरवला आणि पान मिटायला हात पुढे केला. दोन्ही ओळींनी उठण्यासाठी गुडघे उचलले.

मी नमस्कार केला. मुकुंदने केला. आम्ही वळणार, एवढ्यात यजमान पुढे आले. खांद्यावर जरीकाठी उपरणं, कपाळावर गंध, आणि चेहऱ्यावर लग्नघरात पाहुण्यांना सामोऱ्या येणाऱ्या माणसाचं हसू.

“या, या. तुमचीच दोन पानं मांडून ठेवलीत,” ते म्हणाले.

मी मुकुंदचं कोपर धरलं आणि मान हलवून नको म्हटलं. पण मांडलेलं पान सोडून जाऊ नये, वैऱ्याच्या घरचंही सोडू नये, हे सासूबाईंनी त्याच्या हाडीमाशी खिळवलेलं होतं. त्याने तोंडातली नळी काढली.

“दोन घास खाऊ आणि उठू,” तो मला म्हणाला. “असं जाणं बरं दिसत नाही.”

दोन घास, आणि तेही मुकुंदचे. मी कपाळावर हात मारला, तो मास्कच्या काचेवर लागला. मुकुंदने पायातली रबरी वल्ही काढून भिंतीशी नीट जोडीने ठेवली आणि तो पाटावर बसला. तो बसला म्हणून मी बसले.

“बाई, तुम्ही यांच्या शेजारीच असा,” यजमान म्हणाले. “तुमचं काम पडेल.”

आम्ही बसलो तसे पंगतीने उचललेले गुडघे परत खाली टेकले. म्हाताऱ्याबुवांनी अर्धं मिटलेलं पान पुन्हा उलगडलं. माझ्या समोर एक नऊवारीतली बाई होती, मांडीशी पत्र्याची ट्रंक घेऊन बसलेली. तिने माझ्याकडे पाहून सुस्कारा सोडला.

“आता झालंच होतं हो,” ती म्हणाली. “हात धुवायला उठणारच होतो. तेवढ्यात तुम्ही आलात.”

“माफ करा,” मी म्हटलं.

“असू दे. दर वेळी असंच होतं.”

वाढपी आले. आमसुलाची चटणी, गवारीची भाजी, कारलं, भाजणीचे वडे, खीर, भात, वरण. वरण पानावरून कुठे वाहत गेलं नाही. हे जेवण मला ओळखीचं वाटत होतं, पण कुठल्या प्रसंगाचं ते आठवेना. यजमान दोन ओळींमधून फिरले आणि म्हणाले, “सावकाश होऊ द्या.”

पाण्याखाली जेवायचं म्हणजे नळी काढायची, घास घ्यायचा, गिळायचा आणि नळी परत तोंडात धरायची. मला ते लगेच जमलं. माझं पान हा हा म्हणता रिकामं झालं. वरण चांगलं होतं, हिंग थोडा जास्त. मग मी उजवा हात पानाच्या कडेला टेकवला आणि नेहमीसारखी मुकुंदकडे तोंड करून बसले.

त्याने भाताचं आळं केलं. वरण घेतलं, तूप घेतलं. तुपाकडे पाहिलं. नळी त्याने डाव्या हाताने मांडीवर ठेवली होती.

माझ्या डाव्या बाजूला आमच्यासारखाच काळा रबरी पोशाख घातलेला एक मनुष्य होता. त्याच्याही पाठीवर सिलिंडर होता, पण त्याच्यावर शेवाळ चढलं होतं. त्याचाही हात कोरडा होता.

“वर कुठला महिना चाललाय?” त्याने विचारलं.

“मार्च.”

“बरं,” तो म्हणाला. “मी ठाण्याचा. मला खरं तर डाएट होतं. तरी उशीर झाला.”

मी माझा हवेचा काटा पाहिला. तो निम्म्याच्या खाली आला होता. मग वाकून मुकुंदचा पाहिला. त्याचा काटा जवळजवळ भरलेला होता, आम्ही दारात आलो तेव्हा होता तिथेच. मला बरं वाटलं. सावकाशीचा एवढा तरी फायदा व्हावा. अजून पुष्कळ वेळ आहे, जेवू दे बिचाऱ्याला, असं मी मनाशी म्हटलं.

घरी असते तर एव्हाना माझा हात वाळायला लागला असता आणि मला वेळेचा अंदाज आला असता. पण पाण्याखाली माझा हात वाळत नव्हता. बोटांना लागलेलं वरण ओलंच होतं. त्यामुळे किती वेळ गेला ते मला कळेना.

“जरा सरकून घ्या,” पलीकडून कोणीतरी म्हणालं.

नवीन कोणी आलेलं नव्हतं, तरी पंगत सरकली. ठाण्याच्या माणसाचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागला. समोरच्या बाईचं पान माझ्या पानाच्या जवळ आलं, आधी मधून वाढपी जात होते, आता ते आडवे होऊन जाऊ लागले. छतही खाली आलं असावं, कारण यजमान मान वाकवून चालत होते. मी दाराकडे पाहिलं. रेश्मा तिथेच होती, पण दार एवढंसं झालं होतं की त्यात तिचा चेहरा आणि एक खांदा मावत होता.

“सरकून घ्या,” परत आवाज आला, आणि आम्ही सरकलो.

मुकुंदने कारल्याची एक फोड तोंडात घातली. तो चावत होता. मी त्याच्या जबड्याकडे बघत घास मोजायला लागले, कारण मला घाई झाली होती. आणि मोजता मोजता मला दिसलं की त्याच्या तोंडापाशी बुडबुडे नाहीत. माझे बुडबुडे वर जाऊन छताला गोळा होत होते. त्याच्या डोक्यावर पाणी नितळ होतं. नळी मांडीवरून घसरून पाटाखाली गेली होती, आणि तिच्या तोंडात एक इवलासा खेकडा शिरून बसला होता.

म्हणजे काटा हलत नव्हता तो यामुळे.

मग मी खाली त्याच्या पानाकडे पाहिलं. माझ्या पानाभोवती रांगोळी होती, वेलबुट्टी आणि कोपऱ्यात दोन मोर. समोरच्या बाईच्या पानाभोवतीही होती. मुकुंदच्या पानाभोवती रांगोळी नव्हती. तिथे भस्माची रेघ होती. आमच्याकडे अशी रेघ श्राद्धाच्या पानाभोवती ओढतात. आणि गवार, कारलं, आमसुलाची चटणी, वडे, खीर हे जेवण मी सासूबाईंच्या तिथीला दर वर्षी माझ्या हाताने रांधते.

“मुकुंद, नळी लाव,” मी म्हटलं.

“तोंडात घास आहे,” तो म्हणाला.

मी माझी नळी काढून त्याच्या ओठांना लावली. तिच्यातून हवा फसफसत त्याच्या गालांवरून गेली. त्याने ती हळूच बाजूला सारली, दिवाळीत माझ्या हातातला तिसरा लाडू सारतो तशी, आणि तो परत पानाकडे वळला. त्याला काही दुखत नव्हतं. चेहरा तृप्त होता. मी त्याचा दंड धरून ओढला, तर तो हलला नाही, नुसता पाटासकट जरा तिरका झाला आणि पुन्हा सरळ बसला. मला इतकी भीती जन्मात कधी वाटली नव्हती. आणि भीतीपेक्षा जास्त त्याचा राग आला. दोन घास म्हणाला होता.

यजमानांनी केळीच्या पानाचा एक तुकडा आणला. त्यावर मुकुंदच्या पानातलं थोडं थोडं सगळं वाढून तो त्यांनी भस्माच्या रेघेबाहेर ठेवला. मग ते जिन्याखालच्या अंधाराकडे बघून म्हणाले, “ये.”

अंधारातून गोबरा मासा बाहेर आला. चांगला माणसाएवढा, ठिपक्याठिपक्यांचा, जाड ओठांचा. दोन ओळींच्या मधून तो संथपणे येत होता आणि त्याच्या दोन्ही बाजूंची माणसं त्याला वाट देत होती. पुन्हा सगळ्यांचे गुडघे उचलले गेले. मासा घासासमोर येऊन थांबला. तोंड उघडलं, मिटलं. मी काय होतंय ते ओळखलं आणि मनात म्हटलं, शिवू नकोस.

मासा शिवला नाही. त्याने घासाभोवती एक फेरी मारली आणि तो जिन्याखाली परत गेला. पंगतीचे गुडघे खाली आले.

“मन अडकलंय,” यजमान म्हणाले. पंगतीतल्या सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

सासूबाई गेल्या तेव्हा नदीकाठी असाच घोळ झाला होता. कावळा पिंडाला शिवेना. दीर म्हणाले घर सांभाळू, नणंद म्हणाली दागिन्यांवरून भांडणार नाही, कावळे आपले पिंपळावर बसून राहिले. ऊन चढलं. शेवटी मुकुंद पुढे झाला आणि म्हणाला, “आई, तुझ्या तुळशीला मी पाणी घालीन.” तो मागे सरतो न सरतो तोच कावळ्याने झडप घातली. कोणाचं मन कशात गुंतलंय ते मुकुंदला बरोबर कळतं. मलाही कळतं, पण फक्त त्याच्यापुरतं.

“बाई,” यजमान वाकून म्हणाले, “तुमचं जेवण झालंय आणि श्वास अजून चालू आहे. तुम्हाला पंगत अडवणार नाही. ‘तुमचं सावकाश होऊ द्या’ म्हणायचं आणि उठायचं. दारात ती मुलगी थांबली आहे.”

“आणि हे?”

“तुम्ही उठलात की यांचं होईल. मासा शिवेल. मग आम्ही सगळेच उठू.”

“हे कुठे जातील?”

“हात धुवायला,” यजमान म्हणाले.

समोरच्या बाईने ट्रंकेवर हात ठेवला. “म्हणा हो,” ती म्हणाली. “माझे पाय फार आखडलेत. आणि माझा भाऊ मला उतरवून घ्यायला धक्क्यावर येणार होता.”

“मॅडम, प्लीज,” ठाण्याचा माणूस म्हणाला.

टोकाचे म्हातारेबुवा उठायच्या बेतात होते. त्यांनी आपल्या पानाची घडी घालून तयार ठेवली होती.

बाहेरून टण् टण् आवाज आला. रेश्मा सिलिंडरवर लोखंड वाजवत होती. वर चला असा त्याचा अर्थ, ती पहिल्याच दिवशी सांगून ठेवलेली खूण. दार आता खिडकीएवढंही राहिलं नव्हतं, त्यातून तिचा फक्त हात आत आला होता. हात मला बोलवत होता. माझा काटा तांबड्या खुणेत शिरला होता, पण वर जाण्याएवढी हवा होती. मला जगायचं होतं. उगाच खोटं कशाला बोलू? वर केतकी होती, तिला मी संध्याकाळी फोन करणार होते. खानावळवाल्याला रात्री घावन सांगून ठेवले होते. घरी तुळस होती, तिला शेजारीण पाणी घालत होती की नाही देव जाणे.

मी नळी काढली आणि सगळ्या पंगतीकडे पाहून हात जोडले.

“सावकाश,” मी म्हटलं.

जिन्याखाली मासा वळला. गुडघे उचलले गेले. कोणाची तरी काकणं वाजली.

मुकुंदने पानावरून मान वर केली. घास तोंडातच होता, तो त्याने एका गालात घेतला.

“अगं, निघालीस?” त्याने विचारलं.

हा प्रश्न त्याने मला आजवर कधी विचारला नव्हता. मी त्याच्यावर तशी पाळीच कधी येऊ दिली नव्हती. त्याने तक्रार केली नाही, नुसतं विचारलं, आणि मी उठले असते तर त्याने ‘बरं’ म्हटलं असतं. मग घास गिळून तो मुकाट्याने हात धुवायला गेला असता, या सगळ्यांबरोबर, कुठे ते मला कोणी सांगत नव्हतं.

“नाही,” मी म्हटलं. “बसलेय.”

“मग ठीक आहे,” तो म्हणाला, आणि घास गालातून परत जिभेवर घेतला.

पंगत खाली बसली. समोरच्या बाईने डोळ्यांना पदर लावला. मला तिचं वाईट वाटलं, सगळ्यांचंच वाटलं, पण नवरा त्यांचा नव्हता. टण् टण् आणखी एकदा झालं. मग रेश्माचा हात थोडा वेळ तसाच राहिला, त्याने चौकटीला नमस्कार केल्यासारखा स्पर्श केला आणि तो मागे गेला. दार होतं तिथे पत्रा आला, आणि त्याच्यावर एक गोगलगाय चालायला लागली.

“सरकून घ्या,” कोणीतरी म्हणालं. आम्ही सरकलो. माझा खांदा मुकुंदच्या खांद्याला लागला, आणि तो अजून उबदार होता.

वाढपी भाताची परात घेऊन आडवा आडवा येत मुकुंदपाशी थांबला. मी माझे दोन्ही हात मुकुंदच्या पानावर आडवे धरले नाहीत. उलट मीच सांगितलं, “वाढा.” मुकुंदने जागा करून दिली, गरम भात घेतला आणि मधोमध आळं करायला सुरुवात केली. यजमान वाकून, जवळजवळ रांगत, दोन ओळींमधून निघाले होते.

“सावकाश होऊ द्या,” ते प्रत्येकाला म्हणत होते.

मी नळी तोंडात धरून श्वास ओढला. तिच्यातून काही आलं नाही. पुन्हा ओढून पाहिला. मग ती काढून मांडीवर ठेवली, घसरू नये म्हणून पोशाखाच्या पट्ट्यात खोवली.

“केतकीला काय सांगायचं रे?” मी मुकुंदला विचारलं.

“थांब,” तो म्हणाला, “एवढा घास होऊ दे.”

त्याने आळ्यात वरण घेतलं, वरणावर तूप घेतलं, आणि तो तुपाकडे बघत बसला. मीही बघत बसले. माझ्या करंगळीवरचं वरण वाळून तडकलं.